लाल टोपी कुठून आली?

एरिक फ्रॉम यांनी १९५१ साली ‘द फरगॉटन लँग्वेज’ या पुस्तकात ‘लिटल रेड रायडिंग हूड’ची गोष्ट उलगडून दाखवली. मुलीच्या डोक्यावरची लाल मखमली टोपी म्हणजे ऋतुप्राप्ती. वाट सोडू नकोस, बाटली फोडू नकोस, ही आईची ताकीद म्हणजे कौमार्य जपण्याची ताकीद. शेवटी लांडग्याच्या पोटात भरलेले दगड म्हणजे वांझपण. वाचताना सगळं अगदी चपखल वाटतं. १९८४ मध्ये इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी ‘द ग्रेट कॅट मॅसॅकर’ या पुस्तकात त्यावर साधा आक्षेप घेतला. फ्रान्समधल्या शेतकरी घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत लाल टोपी नव्हती, बाटली नव्हती, आईची ताकीद नव्हती आणि दगडही नव्हते. लाल टोपी शार्ल पेरो यांनी १६९७ साली छापलेल्या गोष्टीत आली. बाटली, ताकीद आणि दगड ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातले. फ्रॉम ज्याला मानवजातीची विसरलेली भाषा म्हणत होते, ती निदान इथे तरी दोन छापील पुस्तकांची भाषा होती.

समीक्षेचे सिद्धान्त कथा-कवितांना लावून पाहण्याचा उद्योग गेली पन्नास-साठ वर्षं जगभर चालू आहे. आपल्याकडे एम.ए.च्या वर्गात ‘उपयोजन’ या नावाने तो शिकवला जातो: आधी सिद्धान्ताची लक्षणं, मग एक कादंबरी किंवा कविता, आणि मग लक्षणं कुठे कुठे आढळतात त्याची नोंद. परीकथांइतका या उद्योगाचा कस दुसऱ्या कुठल्याच साहित्याने पाहिलेला नाही. कादंबरीची संहिता बहुधा ठरलेली असते. परीकथेची शंभर रूपं असतात, आणि त्यातलं कुठलं रूप समोर ठेवलं आहे यावर अर्थ बदलतो. म्हणून या आढाव्यात मी प्रत्येक वाचनाला दोन गोष्टी विचारणार आहे. त्याने आधी न दिसलेला कुठला तपशील दाखवला? आणि आपलं म्हणणं टिकवण्यासाठी त्याला कुठला तपशील डोळ्यांआड करावा लागला?

मराठी वाचकाला हा आग्रह परका वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. त्याच आवृत्तीचा आधार घेऊन इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिलं. आधी पाठ ठरवायचा आणि मग माणसांबद्दल बोलायचं, ही शिस्त त्या पुस्तकात पानोपानी आहे. लोककथेच्या बाबतीत मात्र ही शिस्त अर्धीच उपयोगी पडते, कारण तिथे गाळून गाळून मूळ पाठापर्यंत पोचता येत नाही. प्रत्येक सांगणं आपल्या जागी पूर्ण असतं. तेव्हा मूळ कोणतं, हे सोडून कोणी, कुणाला आणि कशासाठी सांगितलं, हे विचारावं लागतं.

लाल टोपीच्या गोष्टीचं एक तोंडी रूप १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या निव्हेर्न भागात टिपलं गेलं आणि पुढे पॉल दलारू यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यात लांडगामानव मुलीला विचारतो, सुयांच्या वाटेने जाणार की टाचण्यांच्या? मुलगी आजीच्या घरी पोचते, नकळत आजीचं मांस खाते, रक्त पिते, एकेक कपडा काढून शेकोटीत टाकते आणि त्याच्या शेजारी जाऊन निजते. मग धोका ओळखून म्हणते, मला बाहेर जायचंय. तो तिच्या पायाला दोरी बांधून तिला सोडतो. ती दोरी अंगणातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाला बांधून घरी पळून येते. शिकारी नाही, उपदेश नाही. मुलगी स्वतःच्या अकलेने सुटते.

यातल्या सुया-टाचण्यांकडे बराच काळ कोणी गंभीरपणे पाहिलं नव्हतं. मुलं काहीही बडबडतात तशातलं काहीतरी, असं समजून अभ्यासक पुढे जात. इव्हॉन व्हर्दिए या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या आगेमागे दाखवलं, की त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुली वयात येताना एक हिवाळा शिंपिणीकडे काढत. सुई-टाचणी हाताळणं हे वयात येण्याचं गावाला ठाऊक असलेलं चिन्ह होतं. आजीला खाणं म्हणजे म्हातारीची जागा तरुणीने घेणं. इथेही विषय फ्रॉम यांचाच, म्हणजे ऋतुप्राप्तीचाच. पण पुरावा गावातून आला. फ्रॉम यांचं अनुमान दिशेने फार चुकलं नव्हतं, ते चुकीच्या वस्तूवर टेकलं होतं. मानसशास्त्रीय वाचनाला सरसकट मोडीत काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

ब्रुनो बेटेलहाइम यांचं ‘द युजेस ऑफ एन्चांटमेंट’ १९७६ मध्ये आलं आणि पालक, शिक्षक, ग्रंथपाल सगळ्यांच्या हाती गेलं. मुलाच्या मनातली भीती, मत्सर, आईवडिलांविषयीचा राग या गोष्टींना परीकथा सुरक्षित वाट देते, हे त्यांचं प्रतिपादन मला आजही मोलाचं वाटतं. भीतिदायक गोष्टी मुलांपासून लपवू नका, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. पण पेरोची लाल टोपी त्यांच्या चौकटीत बसत नव्हती. पेरोच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. पुढे गोडबोल्या लांडग्यांपासून सावध राहा असा पद्यातला उपदेश तेवढा येतो. बेटेलहाइम यांनी ती खरी परीकथाच नव्हे असं ठरवलं आणि ग्रिमच्या गोष्टीतल्या शिकाऱ्याला चांगल्या पित्याचं रूप मानून पुढचा अर्थ उभा केला. सिद्धान्ताला न जुमानणारं रूप बिघडलेलं ठरवायचं, ही सोय एकदा करून घेतली की सिद्धान्त कधीच खोटा पडत नाही.

डार्न्टन यांचाही हिशेब चोख नाही. सावत्र आया, उपासमार, जंगलात सोडलेली पोरं हे अठराव्या शतकातल्या फ्रेंच शेतकऱ्याचं रोजचं जगणं होतं, असं ते सांगतात आणि ते पटतं. मात्र ज्या तोंडी रूपांवर ते विसंबतात ती बरीचशी १८७० नंतर गोळा झालेली आहेत. शंभर वर्षांत सांगणाऱ्यांनी काय बदललं, हा प्रश्न उरतोच.

संरचनावादाबद्दल थोडक्यात. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अफानास्येव्ह यांच्या संग्रहातल्या शंभर रशियन अद्भुतकथा घेऊन एकतीस कार्यं आणि सात भूमिका यांची मांडणी केली. काम अचाट आहे, आणि प्रॉप यांनी ते एका विशिष्ट कथाप्रकारापुरतं केलं होतं. पुढे ती एकतीस कार्यं चित्रपटांना, कादंबऱ्यांना, जाहिरातींना लावण्यात आली. सांगाडा सापडतो, पण सांगाडा सापडला म्हणजे ही गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीहून वेगळी का, हे कळत नाही. त्यापेक्षा जमशीद तेहरानी यांनी २०१३ मध्ये केलेलं काम मला उपयोगी वाटतं. जीवशास्त्रज्ञ प्रजातींची वंशावळ लावतात त्या पद्धतीने त्यांनी अठ्ठावन्न रूपांची वंशावळ लावली. लाल टोपी आणि ‘लांडगा व करडं’ या दोन वेगळ्या कथा आहेत, आणि चीन-जपान-कोरियातल्या वाघिणीच्या गोष्टी या दोहोंच्या मिश्रणातून आल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. अर्थ सांगण्याआधी कोणत्या गोष्टीबद्दल बोलत आहोत ते त्यामुळे ठरतं.

जॅक झाइप्स यांनी समाज आणि सत्ता यांच्या अंगाने वाचन केलं. १९८३ मध्ये त्यांनी लाल टोपीची अनेक शतकांतली रूपं एकत्र छापली, आणि ती ओळीने वाचताना बदल डोळ्यांत भरतो. तोंडी गोष्टीत हुशारीने सुटणारी मुलगी पेरोकडे स्वतःच्या भोळेपणामुळे मरते. ग्रिमकडे ती आज्ञा मोडल्याबद्दल पस्तावते आणि पुरुष तिला सोडवतो. झाइप्स यांच्या मते, मुलीवरच्या अत्याचाराचा दोष मुलीवरच ढकलण्याचं काम दरबारी आणि मध्यमवर्गीय लेखकांनी केलं. त्यांचं सगळंच मी मान्य करणार नाही. पेरोआधीचं तोंडी रूप नेमकं कसं होतं हे एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींवरून ठामपणे सांगणं धाडसाचं आहे. पण दोष कोणाच्या माथी मारला आहे, हा त्यांचा प्रश्न एकदा ऐकला की गोष्ट पूर्वीसारखी वाचता येत नाही.

स्त्रीवादी समीक्षेची सुरुवात भांडणाने झाली. १९७० मध्ये अ‍ॅलिसन ल्यूरी यांनी लिहिलं की परीकथांत धीट, हिकमती बायका भरपूर आहेत. १९७२ मध्ये मार्सिया लीबरमन यांनी उत्तर दिलं की असतील, पण त्या कोणाला ठाऊक आहेत? मुलींपर्यंत पोचतात त्या निजलेल्या, गप्प, सुंदर आणि राजपुत्राची वाट पाहणाऱ्या. १९७५ मध्ये के स्टोन यांनी निवडीची ही साखळीच तपासली: तोंडी परंपरेत पुष्कळ आहे, ग्रिमकडे त्यातलं काही, इंग्रजी बालपुस्तकांत त्याहून कमी, आणि डिस्नेकडे बोटावर मोजण्याइतकं. या वादात मी लीबरमन यांच्या बाजूला आहे. ग्रंथालयातल्या कपाटात धीट नायिका असून मुलीला तिचा काय उपयोग?

सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी १९७९ च्या ‘द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक’मध्ये स्नो व्हाइटचं वाचन केलं. आरशातून येणारा आवाज राजाचा आहे, म्हणजे बाईचं मोल ठरवणाऱ्या पुरुषाचा आहे. राजा गोष्टीत जवळजवळ दिसत नाही, कारण तो त्या आवाजात आहे. राणी कट रचते, सोंगं घेते, नवनव्या युक्त्या काढते. गोष्टीला पुढे नेणारी कल्पकता तिच्याकडेच आहे. या वाचनाला माझे दोन्ही प्रश्न विचारून पाहिले. राजाची अनुपस्थिती हा तपशील सगळ्यांच्या समोर होता आणि कोणी पाहिला नव्हता, तो त्यांनी दाखवला. रूप बदललं तर वाचन कोसळतं का? १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही राणी स्नो व्हाइटची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये ग्रिमनी तिला सावत्र केलं. वाचन इथे आणखी बळकट होतं. आई-मुलीतली चुरस संपादकांना सोसवली नाही आणि मातृत्वाचं पावित्र्य राखायला सावत्र आई आणावी लागली, हेच त्यातून दिसतं. ‘हान्सेल आणि ग्रेटेल’मध्येही पुढे तसंच झालं. रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत कपडे घट्ट होऊ लागल्याचं भोळेपणाने बोलून जाते. नंतरच्या आवृत्तीत ते वाक्य गेलं. १८१२ पासून १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंतचे हे बदल समीक्षकाला आयतं साहित्य पुरवतात.

डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटाबद्दल बोलतानाही हेच भान हवं. निजलेल्या मुलीचं तिच्या संमतीविना चुंबन, यावर हल्ली बरीच चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. फक्त ग्रिमच्या स्नो व्हाइटमध्ये ते चुंबन नाही. तिथे काचेची पेटी वाहून नेताना धक्का बसतो आणि घशातला सफरचंदाचा तुकडा निसटतो. आक्षेप हॉलिवूडच्या प्रेमकल्पनेवर आहे, तो जर्मन गोष्टीच्या माथी मारू नये.

कादंबरीकडे वळताना ‘जेन एअर’ हे उदाहरण टाळता येत नाही. शार्लट ब्रॉन्टी यांनी १८४७ च्या या कादंबरीत माडीवरच्या बोळाचं वर्णन करताना निळ्या दाढीवाल्या नवऱ्याच्या किल्ल्याचा उल्लेख स्वतःच केला आहे. बंद खोलीत आधीच्या बायका असलेल्या त्या परीकथेचं कुलूप लेखिकेनेच उघडून ठेवलं. गिल्बर्ट-गुबार यांनी माडीवरच्या बर्था मेसनमध्ये जेनचा दडपलेला संताप पाहिला. वाचन प्रभावी आहे. पण बर्था जमैकाहून आणलेली आहे, तिच्या माहेरच्या पैशावर तिच्या नवऱ्याची, रॉचेस्टरची, सोय झालेली आहे, हा तपशील त्यात मागे पडतो. जीन ऱ्हीस यांनी १९६६ मध्येच ‘वाइड सार्गासो सी’ लिहून बर्थाला तिचं बालपण, तिचं बेट आणि तिचं पहिलं नाव परत दिलं होतं. १९८५ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी विचारलं, की जेनची मुक्ती उभी राहावी म्हणून वसाहतीतल्या बाईला जळून मरावं लागतं, त्याचं काय? स्त्रीवादाच्या एका वाचनातली फट वसाहतोत्तर वाचनाने दाखवली, आणि तिच्या एकोणीस वर्षं आधी एका कादंबरीकारणीला ती दिसली होती.

माझ्या मते परीकथांची सर्वांत चांगली समीक्षा कवी-लेखिकांनी केली आहे. अ‍ॅन सेक्स्टन यांच्या १९७१ च्या ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’मध्ये ग्रिमच्या सतरा गोष्टी कवितेत आल्या. त्यातली निद्रिस्त राजकन्या जागी झाल्यावर झोपेलाच घाबरते, आणि शेवटी तिच्या बिछान्याशी उभा असलेला पुरुष तिचा बाप आहे हे कळतं. शंभर वर्षांची झोप कशासाठी, याचं इतकं भेदक उत्तर मनोविश्लेषणाच्या ग्रंथांत मला सापडलेलं नाही. कॅरल अ‍ॅन डफी यांच्या १९९९ च्या ‘द वर्ल्ड्स वाइफ’ची सुरुवात लाल टोपीच्या कवितेने होते. तिथला लांडगा कवी आहे. मुलगी त्याच्या गुहेत पुस्तकांसाठी आपण होऊन जाते, दहा वर्षांनी कुऱ्हाड उचलते आणि त्याच्या पोटात तिला आजीची हाडं सापडतात. दगड इथेही आहेत, पण ते भरणारी ती स्वतः आहे, शिकारी कुठेच नाही. आलुबुखाऱ्याच्या झाडाला दोरी बांधून पळालेली मुलगी डफींच्या कवितेत पुन्हा भेटते.

अँजेला कार्टर यांनी १९७७ मध्ये पेरोचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९७९ मध्ये ‘द ब्लडी चेंबर’ हा दहा कथांचा संग्रह दिला. त्यात लांडग्याच्या तीन कथा आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. एकीत आजीच लांडगी निघते. दुसरीत मुलगी न घाबरता लांडग्याच्या कुशीत शांत निजते. तिसरीत लांडग्यांत वाढलेली मुलगी माणसांकडे येते. पॅट्रिशिया डंकर यांनी १९८४ मध्ये टीका केली, की परीकथेचा साचा मुळातच पुरुषी वासनेचा असल्याने कार्टरना त्यातून सुटता आलं नाही. मेरिया माकिनेन यांनी १९९२ मध्ये त्याला उत्तर दिलं. डंकर यांचा आक्षेप मला उथळ वाटत नाही. त्या मधल्या कथेतली मुलगी वाचताना मन साशंक होतंच. पण डंकर साचा एकच धरतात, आणि कार्टर तीन रूपं शेजारी ठेवून साचा एक नसतो हेच सांगत आहेत. एकच कथा उचलून त्यांच्यावर निकाल देणं अन्यायाचं आहे. नील जॉर्डन यांच्या १९८४ च्या चित्रपटात, ज्याच्या पटकथेत कार्टर स्वतः होत्या, शेवट पुन्हा बदलला: स्वप्न पाहणाऱ्या मुलीच्या खोलीत लांडगे घुसतात आणि ती किंचाळते.

आता आपल्याकडची सामग्री. फ्रॉइडचा इडिपस गंड भारतीय कथांना लावायचा म्हटलं की ए. के. रामानुजन यांचा अनुभव आठवावा लागतो. त्यांना कन्नडमध्ये एक गोष्ट मिळाली. मुलीच्या कपाळी स्वतःच्या मुलाशी लग्न होणं लिहिलेलं असतं. ती रानात जाऊन राहते, आंबा खाऊन गर्भवती होते, मूल टाकून देते. पुढे नशीब तिला त्याच मुलाशी बांधतं आणि त्याच्यापासून तिला बाळ होतं. खरं कळल्यावर ती बाळासाठी अंगाई गाते, ज्यात त्याला मुलगा, नातू, दीर अशा सगळ्या नात्यांनी हाक मारते, आणि जीव देते. सांगणाऱ्या बायका, नायिका आई. ग्रीक गोष्टीत जोकास्टेला फारसं बोलायला मिळत नाही. इथे सगळी गोष्ट तिचीच आहे. रामानुजन यांनी पुढे दाखवलं की आपल्या कथांत मुलगा बापाला मारण्यापेक्षा बापच मुलाचं आयुष्य मागतो. ययातीने पुरूचं तारुण्य घेतलं, शंतनूच्या लग्नासाठी देवव्रताने आपलं लग्न सोडलं. खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे मराठी वाचकाला हे ओळखीचं आहे. रामानुजन फ्रॉइडला फेकून देत नाहीत. बाण उलट दिशेनेही सुटतो, एवढं दाखवून सिद्धान्तच रुंद करतात. परक्या सिद्धान्ताचं उपयोजन करावं तर असं.

सांगणारीचं नाव जपलं गेल्याचं आपल्या भागातलं एक दुर्मीळ उदाहरण १८६८ चं आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने ‘ओल्ड डेक्कन डेज’ छापलं. गोष्टी सांगणारी तिची आया, अ‍ॅना लिबराता डिसोझा. तिचं घराणं मूळचं लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेलं, आणि गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. मेरीने अ‍ॅनाची आत्मकहाणीही पुस्तकात घातली. त्यातल्या ‘सोदेवाबाई’च्या गोष्टीत हरवलेली मोजडी आहे, म्हणून तिला सिंड्रेलाच्या रांगेत बसवलं जातं. पण राजपुत्राशी लग्न मोजडीमुळे जुळतं आणि नायिकेवरचं खरं संकट नंतर, सवतीच्या मत्सरातून येतं. बायकांनी सांगितलेल्या भारतीय कथांत लग्न हा शेवट नसतो, असं रामानुजनही म्हणत. मालकिणीने नोकराणीकडून ऐकून इंग्रजीत लिहिलेल्या या पुस्तकाचं वसाहतोत्तर वाचन व्हायलाच हवं. किरिन नारायण यांनी २००२ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढून त्या कामाची सोय केली आहे.

आणि आपली भोपळ्यातली म्हातारी? रान ओलांडणारी इथे कोवळी मुलगी नाही. लेकीकडे जाड होऊन येते, मग खा, असं सांगून ती वाघ-कोल्ह्यांना थोपवते आणि येताना भोपळ्यात बसून निसटते. भोपळा म्हणजे गर्भाशय, असं कोणी म्हणेल आणि ते सोपंही आहे. पण हीच गोष्ट बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० मध्ये छापली, तेव्हा म्हातारी नातीकडे जाते आणि शेवटी तिला कुत्रे सोडवतात. फारसीतही गडगडणाऱ्या भोपळ्याची म्हातारी आहे. भोपळा सगळीकडे आहे. सासरी नांदणाऱ्या लेकीच्या हातचं तूप-रोटी खाऊन आई धट्टीकट्टी होते, हा आपल्या सांगण्यातला महत्त्वाचा तपशील आहे. लेकीच्या घरचं अन्न घ्यायला आईबाप संकोचत, तिथे गोष्ट नेमकं तेच घडवते आणि सुटकेची युक्तीही लेकीच्या घरातूनच येते. भीती आणि चातुर्य यांच्यापेक्षा मला ही मायलेकींची गोष्ट वाटते. हे वाचन तपासायचं तर बालपुस्तकांवर विसंबून चालणार नाही, कारण तिथे सांगणारीचं नाव-गाव काही नसतं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी मात्र जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट गोळा केल्या. त्यात मायलेकींच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. भोपळ्याची गोष्ट ज्या गावांत अजून सांगितली जाते तिथली रूपं त्याच काटेकोरपणे टिपून या ओव्यांशेजारी ठेवायची, हे काम मराठीच्या कुठल्याही विद्यापीठ विभागाला पुढच्या सत्रातच हाती घेता येईल.